उलटे आटे

चाळीस हजारांची नवी सायकल मध्यमवर्गीय घरात आणता येत नाही. मात्र बारा हजारांच्या जुन्या सायकलीवर चाळीस हजार खर्च करता येतात, आणि तेही काटकसरी म्हणवून घेत. युक्ती एवढीच की पैसे एकदम द्यायचे नाहीत. चाळीस हजार या आकड्याला घरात आवाज असतो. साडेनऊशे, अठराशे, बावीसशे हे आकडे चपला हातात घेऊन आत येतात. पार्सलंही लहान असतात. चेनचं खोकं खिशात मावतं, ब्रेकची रबरं मुठीत. कुणी विचारलंच, "काय आलं?" तर "काही नाही, सायकलचं सामान" एवढं उत्तर पुरतं. सायकलचं सामान म्हणजे सोल्युशनची ट्यूब आणि मूठभर छर्रे, अशी घरातल्या माणसांची जुनी, निष्पाप समजूत असते. ती मोडायला जाऊ नये.

आमच्याकडे ती मोडली, कारण मुलगी कॉमर्सला गेली. दिवाणावर पसरलेली बिलं पाहून तिने विचारलं, "बाबा, हे तुम्ही दुरुस्तीत धरता का भांडवली खर्चात?"

"दुरुस्तीत," मी म्हटलं.

"दुरुस्ती म्हणजे वस्तू होती तशी करणं. क्षमता वाढवली की तो भांडवली खर्च. आणि घसारा वजा जाता या सायकलची किंमत शून्य आहे."

शून्य किमतीच्या वस्तूबद्दल आमच्या कर्जतमध्ये इतक्या खात्रीने बोलू नये. ज्या वरकस जमिनीत नाचणी धड येत नव्हती, तिथे आता प्लॉट पडलेत आणि कमानीवर इंग्रजी नावं झळकतायत. पण हा युक्तिवाद कॉमर्सच्या परीक्षेत चालत नाही, असं तिचं म्हणणं.

सायकल दहा-बारा वर्षांची आहे. कंपनीचं स्टिकर उडालंय, त्यामुळे कुणाची बदनामी होण्याची भीती नाही. प्रकार हार्डटेल, म्हणजे पुढे शॉकअप आणि मागे काही नाही. मागचे धक्के पचवायला निसर्गाने माणसाला जे दिलंय त्यावर कंपनीने भरवसा टाकलेला असतो. चाकं २६ इंची. गिअर २१, पुढे तीन चकत्या आणि मागे सात. एकवीस हा आकडा विकताना मोठ्याने उच्चारतात. प्रत्यक्षात त्यातले बरेच एकमेकांची पुनरुक्ती असतात आणि काही लावले की चेन तिरकी होऊन कुरकुरते, त्यामुळे कामाला येणारे दहा-बाराच. वजन सोळा किलोच्या पुढे. यातलं पोलादाचं वजन किती आणि पाच पावसाळ्यांच्या चिखलाचं किती, ते वेगळं करून पाहायची वेळ ओव्हरऑईल करताना येते.

अशा सायकलीला चांगले पार्ट लावणं हा वेडेपणा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक दाखला माझ्याकडे तयार असतो. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी नावाच्या डोंगराळ भागात काही पोरं तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या श्विन कंपनीच्या जाड टायरच्या सायकली भंगारातून उचलायची. एकेकाळी पेपरवाल्या मुलांनी वापरलेल्या, वजनाला दणकट. त्यांना मोटरसायकलचे ब्रेक-लिव्हर लावायचे, ड्रम ब्रेक लावायचे, गिअर बसवायचे आणि डोंगरावरून सोडायच्या. १९७६ पासून तर त्यांनी शर्यतीच सुरू केल्या. उलट पायडल मारून लागणारे मागचे ब्रेक त्या उतारावर इतके तापायचे की हबमधलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि खाली पोचल्यावर पुन्हा भरावं लागायचं. त्यातून पुढे माउंटन बाइक जन्माला आली. कारखान्यात घाऊक तयार होऊन ती दुकानात मिळायला १९८१ उजाडलं. म्हणजे मी जे करतोय तो या खेळाचा मूळ संप्रदाय आहे. चाळीस हजार देऊन तयार सायकल आणणारे नंतर आले.

"पण त्यांनी पुढे स्वतःच्या कंपन्या काढल्या," मुलगी म्हणाली. "तुम्ही काय काढलंत?"

मी त्या वेळी मागचं चाक काढत होतो.

कर्जत हे रेल्वेचं गाव. पुण्याकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी इथे थांबते, मागे दोन-तीन बँकर इंजिनं लागतात आणि मग ती घाट चढायला लागते. तेवढ्या वेळात प्रवासी वडापाव घेतात आणि वडापावसाठीच गाडी थांबवली आहे अशा समजुतीत पुढे जातात. १८६३ मध्ये हा घाटातला लोहमार्ग सुरू झाला. चढ जास्तीत जास्त ३७ फुटांना एक फूट. आमच्या शेजारी जे निवृत्त ड्रायव्हरकाका राहतात, त्यांची उमेदीची वर्षं या बँकर इंजिनांवर गेली. सगळा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या मागून ढकलण्यात गेल्यामुळे त्यांचा सल्लाही मागूनच येतो. मी सायकल उलटी करून काही करत असलो की पाठीमागे कंपाउंडच्या भिंतीवर त्यांचे दोन कोपर येतात.

"मास्तर, नवीनच का घेत नाही?"

"ही चांगली आहे की."

"वंदे भारत बघा. इथून २०२३ पासून धावते. घाटात बँकर लागत नाही तिला. डब्याखाली मोटरी, जोर सगळीकडे वाटलेला. आम्ही आमच्या डब्ल्यूसीजी-दोन इंजिनाला पन्नास पार्ट बदलले असते तरी तिची वंदे भारत झाली नसती."

हे त्यांचं म्हणणं खोडता येत नाही, म्हणून मी आरे पुसत राहतो. काकांचा मूळ सिद्धान्त मात्र अगदी बरोबर आहे आणि मी तो सायकलच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त मानतो. ते म्हणतात, चढ इंजिनाच्या ताकदीवर चढत नाही, चाकाच्या पकडीवर चढतो. पावसात रूळ बुळबुळीत झाले की इंजिनातून चाकापुढे वाळू सोडतात. ताकद तीच, पण वाळू नसेल तर चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून स्वस्तातल्या हार्डटेलचं पहिलं काही बदलायचं तर टायर. स्टिकर नको, हँडल नको, रंगीत पायडल तर मुळीच नको. मूळचे टायर कडक रबराचे असतात. डांबरावर गुणगुणतात आणि ओल्या मुरुमावर हात वर करतात. बरे टायर घातले तर सायकल बदलली असं पहिल्या वळणावर कळतं. बाकीच्या कुठल्याही पार्टाबद्दल इतकं निःशंकपणे सांगता येत नाही. बाकीचे बदलल्यावर बरेचदा आपल्यालाच स्वतःला सांगावं लागतं.

हवेबद्दलही थोडं सांगितलं पाहिजे. टायरच्या कडेला पीएसआय छापलेलं असतं. कशेळे काय, कडाव काय, पंक्चरवाल्याचा अंगठा हाच गेज. तो टायर दाबतो, आभाळाकडे बघतो आणि "बास" म्हणतो. हा अंगठा पाच-सात पीएसआयच्या पलीकडे चुकताना मी पाहिलेला नाही. स्वस्त सायकलीला मोटरसायकलच्या जातीचा जाड वॉल्व असतो, हे तिचं खरं वैभव. शनिवार-रविवारी शहरातून येणाऱ्या भारी सायकलींना बारीक, पेचाचा फ्रेंच वॉल्व असतो. असे एक गृहस्थ कशेळ्याच्या पंक्चरवाल्यासमोर उभे होते. त्याने वॉल्व निरखून पाहिला, त्याचं टोक फिरवलं, पुन्हा बसवलं आणि नम्रपणे सांगितलं, "साहेब, सायकल भायेरची हाय. हवा पण तिकडनंच आणा." त्यासाठी एक छोटा पितळी ॲडॉप्टर मिळतो, ज्याचं काम घरी विसरून राहणं हे असतं.

माझ्या सायकलचं माहेर म्हणजे बाजारपेठेतलं एक दुकान. मालक माझा माजी विद्यार्थी. गुणोत्तर-प्रमाण त्याला शाळेत जन्मात जमलं नाही. आता तो पान्याने टेबल ठोकत मला शिकवतो. "सर, पुढं चोवीस दात, मागं अठ्ठावीस. म्हंजे पायडलचा पुरा फेरा मारला तरी चाक पुरा फेरा नाय मारत. चाकाचा घेर दोन मीटरच्या जरा वर, तर सायकल जाते पावणेदोन मीटर. आता मागं चौतीस दातांचं फ्रीव्हील टाका. तेवढ्याच फेऱ्यात दीड मीटरच्या आत. अंतर कमी म्हणून जोर कमी. समजलं का सर?" समजलं. हेच मी त्याला शिकवत होतो. फक्त पाठ्यपुस्तकात पाण्याच्या टाक्या आणि मजूर होते, घाट नव्हता.

चौतीस दातांचं फ्रीव्हील हा टायरनंतरचा दुसरा शहाणा खर्च. आहे त्याच हबवर ते आट्यांनी बसतं आणि चेनच्या चार कड्या वाढवल्या की काम होतं. मात्र जुनं फ्रीव्हील काढताना मालकाची अब्रू पणाला लागते. फ्रीव्हील पायडल मारण्याच्या दिशेनेच आवळत जातं. जितकी सायकल चालवाल तितकं ते घट्ट. वर्षानुवर्षं चालवलेल्या सायकलीचं फ्रीव्हील काढायला पान्याला लांब पाइप लावून दोन माणसं लोंबकळतात. माझ्या विद्यार्थ्याने पाना लावला, एक हलका हिसका दिला आणि फ्रीव्हील त्याच्या हातात आलं. दुकानातले दोघे-तिघे बघत होते. "सर," तो अतिशय आदराने म्हणाला, "सायकल सांभाळून वापरलीय तुम्ही."

त्या दोघा-तिघांत एक शेतकरी होते, त्यांच्या काळ्या सायकलची वॉलट्यूब बदलायची होती. विद्यार्थी मला मागच्या डिरेल्युअरबद्दल, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्राबद्दल, सांगत होता: टीझेड-५०० नको, एम-३१० घ्या, जरा महाग पण टिकतो. कर्जतचं भात संशोधन केंद्र साऱ्या कोकणात माहीत आहे. कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ अशी तिथल्या वाणांची नावं. शेतकरीबुवा बराच वेळ ऐकत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. "हा तीनशेधा हळवा का गरवा?" त्यांनी विचारलं. विद्यार्थ्याने जराही न अडखळता सांगितलं, "निमगरवा, पण पावसाला टिकतो." बुवांनी समाधानाने मान हलवली. जपानी कंपनीच्या गिअरचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

इथवर खर्च आटोक्यात असतो. पुढे मात्र एक मोह येतो, आणि तो म्हणजे फ्रीव्हीलच्या जागी येणारी कॅसेट. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचा छर्र्यांचा सेट बराच आत असतो, त्यामुळे त्या बाजूचा एक्सल निराधार लांब उरतो. पावसाळ्यानंतरचा मुरबाड रस्ता आणि सोळा किलोची सायकल, वर आमच्यासारखा वजनदार शिक्षक. एक्सल वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये आधार अगदी टोकाजवळ असतो, म्हणून तो तग धरतो. म्हणजे कॅसेट बरी. पण कॅसेटला तिचा हब लागतो. चांगला हब पाहायला जावं तर त्याला भोकं बत्तीस. आपल्या जुन्या रिमला छत्तीस. पत्रिकेत छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले तर मुलीचे वडील पेढे वाटतात. चाकात ते चालत नाही. मग रिम नवी. कॅसेट नऊची घेतली तर चेन नऊची, कारण ती अरुंद लागते. चेन नऊची म्हणून शिफ्टर नऊचा, शिफ्टर नवा म्हणून त्याची केबल नवी. पुढच्या जुन्या चकत्या या नव्या चेनशी फटकून वागायला लागतात, म्हणून त्याही. आणि चकत्या बदलायच्या तर क्रँक काढायचा, आणि क्रँक काढलाच आहे तर बीबी बघून घेऊ, असं विद्यार्थी म्हणतो. "बघून घेऊ" हा सायकलच्या दुकानातला सर्वांत महागडा वाक्प्रयोग आहे.

बीबी म्हणजे दोन पायडलांच्या मधोमध फ्रेमच्या पोटात बसलेला फिरता दांडा. स्वस्त सायकलीत तो सुट्या छर्र्यांचा असतो. पावसाळ्यात त्यात पाणी जातं, ग्रीस निघून जातं आणि ऑक्टोबरात तो दळण दळायला लागतो. बंद बेअरिंगचा सेट बसवणं हा तिसरा शहाणा खर्च. पण जुना निघायला हवा.

सायकलीत दोन ठिकाणी उलटे आटे असतात: चेनच्या बाजूची बीबीची वाटी आणि डावं पायडल. फिरण्याच्या दिशेमुळे ती आपोआप सुटू नयेत म्हणून केलेली ही सोय. पण उजवीकडे फिरवलं की आवळतं आणि डावीकडे फिरवलं की सुटतं, हे माणसाच्या मनगटाला पाळण्यापासून ठाऊक असतं, आणि बाजारपेठेत मदतीला येणाऱ्याचं मनगट प्रश्न विचारत नाही. विद्यार्थी चहा सांगायला गेला तेवढ्यात शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून एक जण आले, त्यांनी पाना घेतला आणि अंगातलं सगळं बळ लावलं. मग एक रिक्षावाले आले, त्यांनी आधीच्यांना बाजूला केलं आणि आणखी बळ लावलं. एकाने डिझेल सोडा म्हटलं, एकाने तापवा म्हटलं, आणि चौकात उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले की आमच्या वेळी कॉटर पिन असायची, हे असले प्रश्न येत नसत. विद्यार्थी परतला तेव्हा ती वाटी कारखान्यात बसवली त्या दिवसापेक्षाही घट्ट बसली होती. त्याने सगळ्यांचे आभार मानले, छिन्नी-हातोडा काढला आणि उलट्या दिशेने ठोकायला सुरुवात केली. पहिला ठोका बसताच रिक्षावाले म्हणाले, "मी हेच सांगत होतो."

वजनाचा विषय शेजारच्या खालापूर तालुक्यात काढताना जरा जपून काढावा. वजन कमी करण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग याच तालुक्यात झाला. २ फेब्रुवारी १६६१ रोजी मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज आणि लटांबर घेऊन घाट उतरून चावणीजवळच्या उंबरखिंडीत आला. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दाट रान, वर महाराजांचे मावळे. शेवटी सारं सामान तिथेच टाकून देण्याच्या अटीवर खानाला परत जायची वाट मिळाली. इतक्या कमी वेळात इतकं वजन त्यानंतर या भागात कुणी उतरवलेलं नाही. हल्लीचे सायकलवाले मात्र ग्रॅममध्ये लढतात. जुन्या महामार्गाने पनवेलकडून रविवारी जे जथे येतात (द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, तो खालापूरच्या टोलनाक्यापाशी शेजारून गरगरत असतो), त्यांच्यात बाटली अडकवायचा कार्बनचा पिंजरा किती ग्रॅमने हलका यावर चर्चा चालते. ही चर्चा चौकला दुसरी मिसळ आणि तिसरा पाव येईपर्यंत चालते. चौक हे नेताजी पालकरांचं गाव. घोड्यावरून दौड मारायच्या आधी त्यांनी खोगिराचं वजन केल्याचं ऐकिवात नाही.

माझ्या सायकलीत सर्वांत जास्त मेद शॉकअपमध्ये साठला होता. स्वस्त शॉकअप एकटा अडीच किलोच्या पुढे भरतो. आत दोन नळ्या, त्यात पोलादी स्प्रिंग, वर एक निळं बटण. ते बटण फिरवल्याने काय होतं, यावर मतभेद आहेत. खड्डा आला की तो दबतो, हे खरं. पण परत येताना त्याला आवरणारं काही आत नसतं, म्हणून तो हँडल परत आपल्या हनुवटीकडे पाठवतो. चढावर पायडल मारताना तो प्रत्येक फेऱ्याला खाली-वर होतो, म्हणजे आपण जी ताकद डोंगरासाठी आणली ती त्याला बैठका काढायला पुरवतो. मग वाटतं, चांगला हवेचा शॉकअप बसवावा. इथे मात्र मी हात आखडला, आणि दुसऱ्यांनीही आखडावा असं माझं स्पष्ट मत आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत जगाने २६ इंची चाक सोडून साडेसत्तावीस आणि एकोणतीस धरलं. चांगले शॉकअप आता त्या मापात येतात, आणि त्यांची मान खाली जाड, वर बारीक. आपल्या फ्रेमचा गळा सरळ नळीचा. जे बसतं ते आपल्याकडे आहे त्याच लायकीचं, आणि जे चांगलं आहे ते बसत नाही. त्यापेक्षा साधा पोलादी चिमटा बसवावा. मात्र उंची शॉकअपच्या मापाची हवी, नाहीतर सायकल पुढे नाक खुपसून चालते. विद्यार्थ्याने शॉकअप काढून साधा चिमटा लावला तेव्हा दुकानात आलेल्या एका शाळकरी मुलाने त्याच्या वडिलांना विचारलं, "बाबा, यांच्याकडे पैसे संपले का?"

ब्रेकच्या बाबतीत ड्रायव्हरकाका अतिशय गंभीर असतात. घाट उतरणाऱ्या गाड्या ठरावीक जागी थांबवून ब्रेक धरतो याची खात्री करावी लागते. धरलाच नाही तर गाडी चढाच्या कॅच सायडिंगवर जाते आणि तिथे दम खाऊन थांबते. सायकलस्वाराला कॅच सायडिंग म्हणून भाताचं खाचर असतं. आमच्याकडे जूनच्या शेवटी चिखलणी सुरू झाली की पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरावर येतात आणि रस्त्याचं खाचर करतात. त्या चिखलात व्ही-ब्रेकची मूळची रबरं रिमला धरण्याऐवजी तिच्यावर माती चोळतात. एका पावसाळ्यात रिमची कड बोटाला कळेल इतकी झिजते. "डिस्क लावा," असं सगळे सांगतात. डिस्क लावायला फ्रेमवर, चिमट्यावर आणि दोन्ही हबवर जागा हवी, म्हणजे पुन्हा ती मघाची वरात. चांगल्या जातीची चार रबरं, नवी केबल आणि तिचं आवरण एवढ्यावर पावसाळा निघतो. गंजलेल्या केबलवर महागडा ब्रेक लावणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या सायकली फार्महाऊसच्या पोर्चमध्ये सुरेख दिसतात.

त्या पोर्चमधल्या सायकली हा खरं तर स्वतंत्र विषय आहे. २०२० च्या टाळेबंदीत सगळ्या देशाला एकाच वेळी सायकलचा साक्षात्कार झाला. दुकानं रिकामी झाली, नंबर लागले. त्यातल्या कित्येक सायकली मग शहरातल्या बाल्कनीतून इकडच्या सेकंड होमवर बदलीवर आल्या. आता त्यांच्यावर रखवालदाराचा टॉवेल वाळतो. अधूनमधून एखादा मालक वैतागून त्या देऊन टाकतो, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चांगल्या फ्रेम सांगाडे होऊन टांगलेल्या दिसतात.

हँडल मात्र मी हौसेने बदललं. जुनं अरुंद होतं. हल्ली रुंद हँडलची पद्धत आहे, खडबडीत वाटेवर त्याने सायकल हातात राहते, आणि हे खरोखरच पटतं. नवं हँडल पाऊण मीटरच्या वर भरलं. कोंदिवडेच्या कच्च्या रस्त्यावर त्याने उत्तम काम केलं. घरी आल्यावर ते आमच्या फाटकात अडकलं. भिंतीवर कोपर आलेच होते. "ओडीसी!" काका आनंदाने ओरडले. रेल्वेत मापाबाहेरचा माल चढवला की त्याला ओडीसी म्हणतात. त्याला वेगळी परवानगी लागते, वेगळा वेग लागतो, वाटेतल्या पुलांची मापं तपासावी लागतात. तेव्हापासून सायकल बाहेर निघताना ते भिंतीपलीकडून हिरवा रुमाल दाखवतात. मुलीने सुचवलं की फाटक रुंद करण्याचा खर्चही सायकलच्याच खात्यात टाकावा.

अशी सगळी सजवलेली सायकल घेऊन पळसदरीवरून खोपोली आणि पुढे जुन्या बोरघाटाने शिंग्रोबाच्या देवळापर्यंत जायचं, हा आमचा रविवार. खोपोलीत १९१५ सालापासून टाटांचं वीजघर चालतं. घाटमाथ्याचं पाणी नळातून खाली येतं आणि जाता जाता वीज देतं. त्याच उंचीवर उलट्या दिशेने जाताना माणसाला काहीही मिळत नाही. शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं, तेव्हा त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. ट्रकवाले तिथे नाणं टाकून पुढे जातात. सायकलवाले तिथे हटकून थांबतात, त्यातले अट्टल नास्तिकसुद्धा. हात गुडघ्यांवर, मान खाली. लांबून पाहणाऱ्याला ती भक्ती वाटते.

तिथे भारी सायकलींच्या जथ्याशी गाठ पडतेच. ते माझ्या सायकलकडे बघतात. आधी फ्रेमकडे, मग मागच्या गिअरकडे, मग पुन्हा फ्रेमकडे. चेहऱ्यावर एक गोंधळ उमटतो. एकाने विचारलं, "कुठलं मॉडेल हे?" मी म्हटलं, "कर्जत." त्याने ते मोबाइलवर शोधायला घेतलं, घाटात रेंज नव्हती म्हणून निभावलं.

ड्रायव्हरकाका परवा फाटकाशी आले ते सायकलवर. मी त्यांना सायकलवर कधीच पाहिलं नव्हतं. राखाडी फ्रेम, चांगली उंच. ती मी शेडमध्ये टांगलेली पाहिली होती. बाकीचं सामान मात्र ओळखीचं वाटत होतं. निळ्या बटणाचा शॉकअप. अरुंद हँडल. दोन्ही चाकं, मागच्याचा एक्सल नवा घातलेला. सीटच्या डाव्या कडेला मीच जाड दोऱ्याने मारलेले टाके.

"साडेतीन हजार," काका उतरत म्हणाले. "अख्खी सायकल. तुमच्या विद्यार्थ्याने जोडून दिली. तुम्ही मास्तर उगाच इतके महिने..."

"छान आहे," मी म्हटलं.

"जुना माल. पण सगळा कंपनीचा, ओरिजिनल. हा शॉकअप बघा, काय मऊ आहे." त्यांनी हँडलवर भार टाकून तो दोनदा दाबून दाखवला. तो त्यांच्या हनुवटीकडे परत आला. "आधीच्या मालकाने फार वापरलेली दिसत नाही हो. फ्रीव्हील तर जवळजवळ नवंच. लोक घेतात आणि ठेवून देतात."

मग त्यांनी वाकून पुढचं चाक हाताने फिरवलं, टायरवर अंगठा दाबला आणि जरा वेळ आभाळाकडे पाहिलं.

"टायर तेवढे बदलावे म्हणतो," ते म्हणाले. "तुम्ही कुठले घातलेत?"